कोणते काळे?

आमचं आडनाव काळे. नाशकात कुणी आडनाव विचारलं आणि मी सांगितलं की समोरचा जरा थांबतो. "काळे म्हणजे... कोणते काळे?" काळे ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत आणि आम्हा फासेपारध्यांत तर गल्लीगल्लीत आहेत. मी एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर देताना माझा पावती लिहिणारा हात थांबतही नाही. पण ११ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री तो एका पोलीस ठाण्यात विचारला गेला, आणि पुढचे ३७ दिवस माझा भाऊ आत होता.

त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसले होते, 'भावाला पोलिसांनी नेलं, काय करायचं'. जे सापडलं ते सगळं वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं. म्हणून हे लिहितेय. भावाचं नाव बदललंय, दीपक म्हणू. वय २३, बारावी आणि आयटीआय. भाड्याचा छोटा टेम्पो चालवतो. हंगामात दिंडोरीकडून द्राक्षांचे क्रेट पॅकहाउसला पोचवतो.

मंगळवार होता. रात्री १०.०७ ला टेम्पो स्टँडवरच्या त्याच्या मित्राचा मेसेज आला: साध्या कपड्यातले दोघे दीपकला घेऊन गेले. कुठे, ते माहीत नाही. आई आणि मी रिक्षाने दोन ठाणी फिरलो, दुसऱ्यात तो होता. दिसला नाही, पण बाकाखाली त्याची चप्पल दिसली.

ठाणे अंमलदारांना विचारलं, कोणत्या गुन्ह्यात आणलंय?

"चौकशीला आणलंय. सकाळी या. नाव काय?"

"काळे."

"कोणते काळे?"

"पारधी."

रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे आला की आमचे डॉक्टर जशी मान हलवतात, तशी त्यांनी हलवली. माणूस वाईट नव्हता. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मला म्हणाले, "तू काय करतेस?" सांगितलं, बी.कॉम. झालंय, दवाखान्यात आहे. "चांगलं आहे की. मग भावाला नाही का शिकवायचं?"

बाहेर येऊन मी ११.२० ला ११२ नंबरला फोन केला. भांडायला नाही, नोंद राहावी म्हणून. हे शहाणपण माझं नव्हतं, मित्राच्या काकांचं. पुढे तो फोन आणि १०.०७ चा मेसेज, एवढंच आमच्याकडे राहिलं. कारण दुसऱ्या दिवशी साडेअकराला नातेवाईक म्हणून माझी सही घेतली, त्या अटकेच्या कागदावर अटकेची वेळ होती १२ फेब्रुवारी, सकाळी ११. मी न वाचता सही केली. हात थरथरत होता, आणि सही केली की त्याला भेटू देतील असं वाटलं. तुम्ही करू नका. वेळ वाचा. चूक असेल तर सहीखाली स्वतःच्या अक्षरात खरी वेळ लिहा. अटकेपासून २४ तासांत न्यायालयासमोर उभं करायचं असतं, त्यामुळे हे तास महत्त्वाचे. अटकेची कारणंही सांगावीच लागतात, राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे आमच्या प्रकरणाच्या चारच दिवस आधी, ते पुन्हा ठासून सांगितलं होतं. मला हे कळलं मार्चमध्ये.

सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयाच्या आवारात दुपारी चारच्या सुमारास त्याला आणलं. तोंडावर काळा बुरखा. आई म्हणाली, "तोंड का झाकलंय त्याचं? काय केलंय त्याने?" ओळख परेड व्हायची असेल तर चेहरा झाकूनच आणतात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आईने त्याचा भलता अर्थ घेतला आणि ती खालीच बसली.

गुन्हा सोनसाखळीचा. ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सव्वानऊ, कॉलेज रोडकडे एका बाईंची साखळी दोघांनी मोटरसायकलवरून ओढून नेली. पाच दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. आवारात सगळे तिला पीसीआर म्हणतात आणि नंतरच्या न्यायालयीन कोठडीला एमसीआर. हे दोन शब्द पाठ असू द्या, नाहीतर निम्मं बोलणं डोक्यावरून जातं.

त्याच दिवशी आवारातल्या एका वकिलांनी 'उद्या सोडवतो' म्हणून दोन हजार घेतले. ते परत दिसले नाहीत. दुसऱ्या एकांनी चाळीस हजार सांगितले, ते निदान खरं बोलले. मग एका चहावाल्या मावशींनी आम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस दाखवलं, त्याच आवारात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आदिवासींनाही मिळतो, आणि फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. पण कोठडीत असल्यामुळे जातीचा दाखला शोधायलाही लागला नाही. अर्ज, आधार, गुन्हा नंबर. बस. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. ज्या वकील मॅडम मिळाल्या, त्यांच्या हातात एका वेळी पंधरा फायली असायच्या, पण आमची फाइल त्यांना तोंडपाठ होती. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, असं आमच्या वस्तीत म्हणतात. मीही म्हणायचे.

मॅडमनी पोलिसांचा रिमांड रिपोर्ट, म्हणजे कोठडी मागतानाचा कागद, वाचायला दिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "सदर आरोपी हा पारधी समाजाचा असून त्यास कायमस्वरूपी पत्ता नाही, तो अभिलेखावरील असून जामिनावर सुटल्यास फरार होण्याची दाट शक्यता आहे."

कायमस्वरूपी पत्ता नाही. पेठ रोडच्या आतल्या अंगाला आम्ही ११ वर्षं त्याच दोन खोल्यांत राहतो. लाइटबिल आईच्या नावावर आहे, मतदार यादीत आम्ही तिघं आहोत, आणि पोलिसांनी दीपकला पकडायच्या आदल्या दिवशी चौकशी केली होती ती याच पत्त्यावर.

'अभिलेखावरील', म्हणजे पोलिसांच्या नोंदीतला, हे कशावरून, ते मात्र कळेना. त्याच्यावर एकही गुन्हा नाही. मग आईला आठवलं. २०२२ च्या गणपतीत वस्तीतल्या ११ पोरांना एका संध्याकाळी उचललं होतं. प्रतिबंधक कारवाई, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५१. दुसऱ्या दिवशी सगळे घरी. कुणावर केस नाही, काही नाही. त्या रात्री प्रत्येकाचा फोटो मात्र काढला होता. साखळी गेलेल्या बाईंना फोटो दाखवले गेले, त्यात तो होता. त्या म्हणाल्या, "असाच काहीसा होता." म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून उचललेला मुलगा अडीच वर्षांनी 'अभिलेखावरील' झाला होता, मधे काहीही न करता.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर तुरुंगाच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकानाच काढायला सांगितलाय, आणि विमुक्त जमातींना, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या आमच्यासारख्या जमातींना, सरसकट सराईत धरू नका असंही म्हटलंय. दुसरी ऐकून मला दोन रात्री झोप आली नाही. महाराष्ट्रातल्याच २००३ च्या एका खून-बलात्कार खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी सुनावली होती, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. मग ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. साक्षीदार बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, ते पुढे आणलंच नव्हतं. तोवर १६ वर्षं गेली होती. "हे तुला घाबरवायला सांगत नाहीये," मॅडम म्हणाल्या, "कागद जमवायला सांगतेय."

कागद होते. रविवारी सकाळी दीपक द्राक्षं भरून निघाला होता, दिंडोरी तालुक्यातल्या वजनकाट्याची पावती ९.२२ ची. घटना सव्वानऊची, मधे पंचवीस किलोमीटर. मला वाटलं संपलं. मॅडम म्हणाल्या, "पावतीवर गाडीचा नंबर आहे. चालवत कोण होतं?" काट्यावर कॅमेरा आहे म्हणून मी धावत गेले, तर त्यात पंधरा दिवसांचंच राहतं आणि तो सतरावा दिवस होता. काटेवाल्यांना खरंच वाईट वाटलं, चहा पाजला. पण त्या चहाचं काय करू? तुमच्या माणसाला नेलं की पहिल्याच दिवशी विचार करा, तो त्या वेळी कुठे होता आणि तिथे कॅमेरा होता का. लेखी अर्ज द्या, व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल, पण त्याच दिवशी.

शेवटी पॅकहाउसच्या गेटवरचं रजिस्टर कामी आलं. निर्यातीचा माल असतो, त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ आणि चालकाची सही घेतात. ९ तारीख, १०.०५, खाली दीपकची वळणदार सही. आयटीआयच्या सरांनी गिरवून घेतलेली. मॅनेजर आठवडाभर म्हणत राहिले, "साहेबांना विचारतो." कोर्टकचेरीला सगळेच भितात, त्यांना दोष देत नाही.

तोवर खालच्या कोर्टातला जामीन फेटाळला गेला होता. १७ फेब्रुवारीला एमसीआर झाली, १८ ला अर्ज, १९ ला शिवजयंतीची सुट्टी. मग सरकारी पक्षाचा 'से' यायचा, म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं. तो २४ ला आला. २५ ला युक्तिवाद, २६ ला महाशिवरात्र, २७ ला निकाल: तपास सुरू आहे, ओळख परेड बाकी आहे, पत्ता पक्का नाही. नामंजूर. दर तारखेला माझी एक दिवसाची बिनपगारी. ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, केसचा सीएनआर नंबर टाका, पुढची तारीख दिसते. नुसतं तारीख बघायला जाण्याचे माझे तीन दिवस तरी त्याने वाचले असते.

नाशिक रोडच्या कारागृहात मुलाखतीला चार वेळा गेले. आधार लागतं, आणि बंद्याने आत ज्यांची नावं नातेवाईक म्हणून दिली असतील तेच भेटू शकतात. त्याच्या खात्यावर थोडे पैसे भरता येतात, साबण-बिस्किटाला. पहिल्या भेटीत तो फक्त टेम्पोचं विचारत होता. मालकाने तो दुसऱ्याला दिला होता. मी सांगितलं, उभा आहे, रोज पुसतो आम्ही.

ओळख परेड ४ मार्चला तुरुंगातच झाली. त्याच्याच बांध्याचे सहा जण, मधे तो. कुठे उभं राहायचं ते आरोपीला निवडता येतं, तो डावीकडून तिसरा उभा राहिला. साखळी गेलेल्या बाई दोनदा रांगेवरून गेल्या. त्याच्यासमोर थांबल्या. मग म्हणाल्या, यात नाही, तो उंच होता. त्या बाई मला कधी भेटल्या नाहीत. गळ्याला जखम झाली होती त्यांच्या, आठवडा-दोन आठवडे दवाखान्यात फेऱ्या मारल्या असतील. 'असाच काहीसा' वरून 'हा नाही' वर यायला त्यांना काय पडलं असेल, ते मी बऱ्याचदा मनात आणते.

सत्र न्यायालयात मग फार वेळ लागला नाही. ६ मार्चला अर्ज, १३ ला युक्तिवाद, १४ ला धुळवड, सोमवारी १७ ला निकाल. गेटचं रजिस्टर, फसलेली ओळख परेड, घरातून काहीही न सापडणं आणि ११ वर्षांची लाइटबिलं. मॅडमनी बिलांचा गठ्ठाच वर ठेवला होता. पंचवीस हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. दर रविवारी १० ते १ ठाण्यात हजेरी.

हजेरी शब्द ऐकून आई हसली. तिच्या आज्याला रोज पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची, गावाबाहेर जायचं तर चिठ्ठी लागायची. १८७१ पासून इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. "आज्याची रोजची होती," आई म्हणाली, "पोराची आठवड्याची. फरक पडला की."

जामीन मंजूर झाला की माणूस सुटतो असं मला वाटायचं. जामीनदार मिळेपर्यंत तो आतच असतो. जामीनदाराला काय लागतं: आधार, रेशनकार्ड, फोटो, ताजा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, काही वेळा तहसीलचा ऐपतीचा दाखला. आमच्या वस्तीत एकाच्याही नावावर सातबारा नाही. घरमालक म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे गं, पण घरात विचारावं लागेल." घरात विचारून ते पुन्हा आले नाहीत. मॅडमनी मग चार आठवड्यांसाठी रोख जामिनाचा अर्ज दिला: जामीनदार शोधायला वेळ द्या, तोवर पंचवीस हजार कोर्टात भरतो. मंजूर झाला. वकिलाला आवर्जून हे विचारा, ते स्वतःहून सुचवतीलच असं नाही. आणखी एक: सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार, जामीन मिळूनही कुणी सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अट सैल करू शकतं.

पंधरा हजार आईच्या बचत गटातून, दहा माझ्याकडचे. २० मार्च, गुरुवार. संध्याकाळी तो गेटमधून बाहेर आला तेव्हा पायात दुसऱ्याची चप्पल होती. रिक्षात तो एवढंच बोलला, "टेम्पो खरंच उभा आहे का?"

जामीनदार शेवटी मिळाले ते दिंडोरीकडचे एक बागाईतदार, ज्यांचे क्रेट तो तीन हंगाम नेतोय. मी घाबरतच विचारलं. त्यांनी एकच विचारलं, "सातबारा अडकतो का?" मॅडमनी समजावलं, जमीन जात नाही, दीपक तारखेला आला नाही तर पंचवीस हजारांपर्यंत जबाबदारी येते. ११ एप्रिलला ते पांढरी टोपी घालून कोर्टात आले. कागद तपासणाऱ्याने विचारलं, "बाबा, पारध्याला जामीन राहताय. विचार केलाय ना?" ते म्हणाले, "साहेब, वर्षाची द्राक्षं त्याच्या टेम्पोत घालतो मी. पंचवीस हजाराचं काय घेऊन बसलात."

दोषारोपपत्र ९ एप्रिललाच दाखल झालं होतं, दुसऱ्या दोघांवर. अशा गुन्ह्यात ते ६० दिवसांत आलं नाही तर जामीन हक्काने मागता येतो, म्हणून पहिल्या रिमांडपासून दिवस मोजत राहा. दीपकविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल त्यासोबत होता, जूनमध्ये तो मान्य झाला आणि रविवारची हजेरी बंद झाली. भरलेले पंचवीस हजार परत मिळायला वेगळा अर्ज लागतो. मूळ पावती जपून ठेवा, ती माझ्याकडून एकदा हरवली आणि डाळीच्या डब्यात सापडली. पैसे २४ जूनला आले. त्याखेरीज आमचे सोळा-सतरा हजार गेले, त्यात त्या पहिल्या वकिलांनी घेतलेले दोन हजार धरलेत. दोघांचा बुडालेला पगार धरलेला नाही.

राहिला तो फोटो. जुलैमध्ये दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारलं: माझ्या भावाचं नाव किंवा फोटो कोणत्या यादीत आहे, कोणत्या आधारावर? एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, माहिती तपासाशी संबंधित असल्याने देता येत नाही. कोणता तपास, ते लिहिलेलं नाही. पहिलं अपील केलंय. सोबत फोटो काढून टाकण्याचा अर्ज दिला. त्यात ७ मे २०२४ च्या निकालाचा उल्लेख आहे. मागास आणि विमुक्त समाजांतल्या निरपराधांची नावं पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये (सराईतांच्या नोंदींमध्ये) यांत्रिकपणे घालू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सगळ्या राज्यांना बजावलंय. पोच मिळाली. उत्तर नाही.

२०२५ चा ३१ ऑगस्ट गणपतीतच आला, आणि नेमका रविवार. वस्तीत विमुक्त दिनाचा छोटा कार्यक्रम होता. पोरं मात्र सात वाजताच घरात. काही आपापल्या मामाच्या गावी गेली होती. दीपक गेला नाही. टोमॅटोची भाडी सुरू होती.

टेम्पो मालकाने त्याला मेमध्ये परत दिला. आता तो रिकामी गाडी असली तरी वाटेतल्या काट्यावर वजन करतो, तीस रुपये देऊन. पावती स्टिअरिंगला धरतो, तिच्यामागे स्वतःचा चेहरा येईल असा फोटो काढतो आणि मला पाठवतो. काटेवाले हसतात. माझ्या फोनमध्ये आजवर असे ९६ फोटो झालेत. कालचा संध्याकाळी ६.४० चा आहे, गाडी रिकामी.